सोलकढीवर आळ

आधी रंगनाथतात्यांचे कान लाल झाले.

मी टेबलावरच्या रिकाम्या कपबशा उचलत होतो. मला वाटलं, तात्यांना कुणाचा तरी राग आला असेल. पण तात्या शांत होते. लाली कानांवरून गालांवर आली, गालांवरून कपाळावर, तिथून थेट टोपीखाली शिरली. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी मान खाजवायला सुरुवात केली.

"किसन, अंग पेटून राह्यलं रे माझं."

शेजारचे किसनराव सदऱ्याची बटणं काढण्यात गुंतले होते. ते छातीपर्यंत लाल होते. समोर बसलेले भोकरदनकडचे दोघे भाऊ एकमेकांची पाठ खाजवत होते. एकाने तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. जेवणाला बसताना हे चौघे प्रतिष्ठित पाहुणे होते. चहा होऊन फार वेळ झाला नव्हता आणि ते धुळवडीतून आल्यासारखे दिसत होते.

जाधव मॅनेजर धावत आले. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. मग टेबलावरच्या स्टीलच्या जगकडे पाहिलं. जगच्या तळाला थोडी सोलकढी उरली होती, छान गुलाबी. त्यांनी परत पाहुण्यांकडे पाहिलं.

"लाल पाणी पाजलंस," ते मला म्हणाले, "अन् पाव्हणे लाल झाले."

माझंही क्षणभर तेच मत झालं.

मी मूळचा वेंगुर्ल्याच्या अलीकडचा. आठवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. रस्त्याचं काम घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून लागलो. मेस फिरत फिरत वाटूर फाट्यावर आली. रस्ता झाला, कॉन्ट्रॅक्टर पुढे गेला, मी मागे राहिलो. तिथल्या एका हॉटेलात भजी तळत होतो. घर इतकं लांब, की रडायचं म्हटलं तरी कुठल्या दिशेला तोंड करून रडावं ते कळत नव्हतं. अण्णांनी माझी भजी खाल्ली, नाव विचारलं आणि जीपमध्ये घालून जालन्याला आपल्या गेस्ट हाऊसवर आणलं. खोली दिली, आचारी म्हणून ठेवलं. पुढे अण्णांबद्दल मी जे काही लिहिणार आहे, ते त्यांच्या मिठाला जागूनच लिहिलंय असं समजावं. ते मीठ मात्र मीच घालायचो.

अण्णांची बियाण्यांची कंपनी होती. अशी कंपनी सगळं बी स्वतः पिकवत नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून पिकवून घेते. त्या शेताला प्लॉट म्हणतात. आणि ज्याच्या शब्दावर अख्खं गाव आपले प्लॉट कंपनीला देतं, त्याला म्हणतात ऑर्गनायझर. ऑर्गनायझर रुसला तर गाव शेजारच्या कंपनीकडे जातं. म्हणून त्याचं पोट सांभाळायचं, आणि ते खातं माझ्याकडे होतं. त्या दिवशी वाटूरचे रंगनाथतात्या, आष्टीचे किसनराव आणि ते दोघे भाऊ नव्या हंगामाचं बोलायला आले होते. चौघेही ऑर्गनायझर. चौघेही आता उघडे बसले होते.

मेनू नेहमीचाच होता. भाकरी, वांग्याचं भरीत, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी प्यायली की माणसाला आपल्याला डोकं आहे ह्याची आठवण होते. ठेच्याबद्दल मी बोलत नाही. ऊन रणरणत होतं, म्हणून अण्णाच म्हणाले होते, "परभाकर, ती तुझी गुलाबी कढी कर आज. पाव्हण्यायला थंड वाटंन." मी खूष. नारळाचं दूध काढलं, गावाहून आणलेली आमसुलं भिजवली, लसूण-मिरची वाटून लावली. जालन्यात नारळ देवापुढे फोडतात. त्याचं दूध काढून पितात हे ऐकल्यावर लोक गप्प होतात आणि आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. पण अण्णांना ती आवडायची, आणि अण्णांना आवडतं ते चांगलं, अशी कंपनीची पॉलिसी होती.

आता पॉलिसी बदलली होती.

"उष्णता हाये ही," थोरला भाऊ म्हणाला.

"पित्त हाये," धाकटा म्हणाला.

वॉचमन खिडकीतून डोकावून म्हणाला, "गोवर वाटतो."

"चौघायला एकदम गोवर? काय आघाडी केली का त्यांनी?" जाधव त्याच्यावर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "काय घातलं व्हतंस त्यात? खरं सांग. पोलिसात देईन."

"आमसूल. नारळ. लसूण."

"अन्?"

"अन् मीठ."

"मीठ तर सगळ्यातच असतं!" ते असे ओरडले, जणू मी मिठावर ढकलतोय.

घाबरणं हा माझा जोडधंदा आहे. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मला घाम फुटतो. मी जाऊन सगळ्यांना ओले पंचे आणून दिले आणि मनात रवळनाथाला म्हणालो, देवा महाराजा, ह्यांच्यातलं एकजरी मेलं, तर मी वेंगुर्ल्याला परत कसा जाऊ? आणि कोणी मेलं नाही, पण अण्णांनी काढून टाकलं, तर कुठे जाऊ?

अण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांना काहीही झालं नव्हतं. सोलकढी त्यांनीही प्यायली होती. ते बशीतल्या उरलेल्या चहाकडे बघत होते, आणि इतका वेळ कुणी बशीकडे बघत नाही.

"अण्णाला कसं काय न्हाई झालं?" किसनरावांनी विचारलं.

"अण्णा पैलवान माणूस," जाधव म्हणाले. "त्यांना दगड पचतो."

हे खरं होतं, म्हणजे लोकांपुरतं खरं होतं. तरुणपणी अण्णांनी कुस्त्या मारल्या होत्या. भोकरदन तालुक्यात त्यांच्या खुराकाच्या गोष्टी सांगत. कंपनीचे प्लॉटसुद्धा अर्धे त्या गोष्टींवर मिळत. ज्या माणसाला दगड पचतो, त्याचं बी उगवणारच, असा काहीतरी हिशेब असावा.

जाधवांनी फोन केला होता. डॉक्टर स्कूटरवरून आले. जवळच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना होता. उंच, वाकलेले, कायम कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा चेहरा. त्यांनी एकेकाची नाडी पाहिली, बीपी घेतलं, जीभ पाहिली.

"पोटात दुखतं?"

"न्हाई."

"मळमळ? उलटी? जुलाब?"

"न्हाई. नुसतं पेटून राह्यलं. अन् खाज."

"श्वास घ्यायला त्रास?"

"ह्या जाधवमुळं व्हतोय. लई वरडतो."

डॉक्टर खुर्चीवर टेकले. "अन्नातून विषबाधा झाली तर ती पोटातून बोलते. हे कातडीतून बोलतंय. बरं, ती गुलाबी कढी कोण कोण प्यायलं?"

तिघांनी हात वर केले. तात्यांचा हात खाली.

"म्या न्हाई प्यालो. सर्दी हाये मला. नारळ थंड पडतो."

डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त लाल तात्याच होते.

"आणि कढी प्यायलंय पण लाल नाही, असं कोण आहे?"

"अण्णा," जाधव म्हणाले.

"आणि रहीमभाई ड्रायव्हर," मी हळूच म्हणालो. रहीमभाईने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठा पेला रिचवला होता. तो बाहेर जीप पुसत शीळ घालत होता. त्याला बोलावून डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले. कान कानांसारखे होते.

"मग कढीला सोडा. जेवणानंतर काय घेतलं?"

"चहा."

"आणखी?"

"काही न्हाई," किसनराव म्हणाले. "हां, ती अण्णानं दिलेली गोळी. पन ती तर ताकदीची. व्हिटॅमिनची. व्हिटॅमिननं कुठं अंग पेटतं?"

"बिलकुल न्हाई पेटत," अण्णा पटकन म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदा बोलले होते.

डॉक्टरांचा झोपाळू चेहरा जागा झाला. "अण्णा, जरा आत येता का?"

आत म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात. मी तिथेच होतो, बर्फ फोडत. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तिथे नाही असं धरून चालले. आचाऱ्याच्या धंद्यात ह्याची सवय होते. भिंतीला कान असतात म्हणतात. आचाऱ्याला ते असतील असं कुणाच्या मनात येत नाही.

"अख्खी गोळी दिलीत? पाचशे मिलिग्रॅमची?" डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

"मंग? पाव्हण्याला अर्धी कशी द्यायची?"

"मुळात द्यायचीच कशाला?"

अण्णांनी खाली बघत सांगितलं. जेवण झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखी गोळी काढली. तात्यांनी विचारलं, कसली गोळी? आता खरं काय सांगणार? मग म्हणाले, ताकदीची. त्यावर किसनराव म्हणाले, एकटेच ताकद घेता व्हय? पंगतीत बसून एकट्याने काही खाणं म्हणजे ह्या भागात चोरीच. सुपारीसुद्धा चार तुकडे करून खातात. तेव्हा अण्णांनी स्ट्रिप फोडली आणि बडीशेप फिरवावी तशी फिरवली. तेवढ्यात मी उकळता चहा घेऊन आलो, आणि चौघांनी गोळी त्या चहाबरोबर गिळली. ठेचा नुकताच खाली गेलेला होता.

इथे वाचकांसाठी थोडं सांगतो, जसं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. अण्णांच्या रक्तात कोलेस्ट्रॉल, म्हणजे चरबी, फार वाढली होती. छातीत दुखून गेलं होतं. ही गोष्ट घरच्यांना आणि डॉक्टरांना माहीत होती, बाकी कुणाला नाही. त्यावर डॉक्टरांनी त्यांना निॲसिन नावाची गोळी दिली होती. निॲसिन हे खरोखरच व्हिटॅमिन आहे, बी गटातलं. थोडं असलं तर व्हिटॅमिन, आणि भरपूर दिलं तर चरबी उतरवणारं औषध. त्यामुळे अण्णा खोटं बोलले नव्हते, फक्त खरं फार कमी बोलले होते. ह्या गोळीचा एक गुण असा, की ती कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल सोडते. माणूस लाल होतो, आग होते, खाज सुटते. तासाभरात बहुतेक आपोआप उतरतं. गरम चहा, तिखट आणि दारू ह्या तिन्ही गोष्टी त्याच रक्तवाहिन्या आणखी सैल करतात. म्हणून ती जेवणात, बेताच्या तिखटाबरोबर, गार पाण्याने घ्यायची. आणि सुरुवात थोड्या डोसने करायची. हळूहळू शरीराला सवय होते. अण्णांना सवय झाली होती. पाहुण्यांना नव्हती, आणि त्यांच्या पोटात तर ठेचा, येसर, उकळता चहा असं सगळं वऱ्हाड आधीच जमलेलं होतं.

"तुम्हाला मी पाव गोळीपासून सुरू करून दिली होती," डॉक्टर म्हणाले. "तरी काय झालं होतं, आठवतंय ना?"

"बाथरूममधी दार लावून बसलो व्हतो," अण्णा म्हणाले. "म्हनून तर वळखलं मी लगेच."

म्हणजे अण्णांना पहिल्यापासून कळलं होतं. तात्यांचे कान लाल झाले, तेव्हाच. आणि जाधव मला पोलिसात देत होते, तेव्हा माझे अन्नदाते बशीत बघत होते.

"मग बाहेर जाऊन सांगा. घाबरलेत ते लोक."

"डॉक्टर, तसं करू नका. अण्णाला चरबीची गोळी चालू हाये म्हनले तर? लोक काय म्हंतील? पैलवान खलास. उद्या प्लॉट कोन देईल मला?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "कढीच म्हना ना. कढीची कुठं सोयरीक जुळवायची हाये."

"मी खोटं सांगणार नाही. पण पेशंटची गोष्टही चारचौघांत सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा." डॉक्टर हात धुवायला मागच्या नळावर गेले.

अण्णांना आता मी दिसलो.

"परभाकर. ऐकलंस?"

"होय."

"कढीवर घे रे बाबा. तुला काढत न्हाई मी. जाधवला मी बघतो. तेवढं सांभाळून घे."

मी मान हलवली. ज्याने मला फाट्यावरून उचललं, त्याच्यासाठी माझं आमसूल बदनाम झालं तर होऊ दे, असं मला खरंच वाटलं. आणि भीतीही वाटली. कृतज्ञता आणि भीती ह्यांतला फरक मला कधीच नीट कळला नाही. दोन्हींत मान हलवावी लागते.

बाहेर आलो. लाली उतरायला लागली होती. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "घाबरायचं कारन न्हाई. उतरंल आता. ते आमचं... परभाकरचं आमसूल जुनं निघालं."

"म्या प्यालोच न्हाई न कढी," तात्या म्हणाले.

"वास गेला असंन नाकात," जाधव म्हणाले.

"सर्दी हाये म्हनलं न मला!"

"मंग वाफ लागली असंन." जाधवांनी तात्यांची तक्रार तिथेच निकालात काढली आणि मला सांगितलं, "सामान बांध तुझं."

"असू दे, असू दे," अण्णा पुटपुटले.

"जाऊ द्या मॅनेजर," किसनराव म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. "परमुलखातला हाये. त्याला काय म्हाईत आपल्याकडचं. कढी फेका, अन् विषय सोडा." ते सदरा चढवत होते. खिसा चाचपून त्यांनी गोळ्यांची ती फिरवलेली स्ट्रिप बाहेर काढली, अजून अर्धी भरलेली. "अण्णानं उरलेली मलाच दिली, हे बेस झालं बगा. ही मी जपून नेतो. धाकली सून हाये, दिवस गेलेत तिला. अंगात जान म्हनून न्हाई. म्हातारीला सांगतो, दोन टाइम चारत जा कडक चहासंगं. जल्दी ताकद येईल."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचं तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं.

अण्णा पुढे कायम म्हणत, की तू अजून थोडा थांबला असतास तर मीच बोललो असतो. असेल. मी थांबलो नाही. मला काही सुचलंही नाही. घाबरलो की माझी भाषा मला टाकून घरी जाते.

"सुनेक देव नकात ती!" मी ओरडलो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ती गोळी सुनेला देऊ नका किसनराव. ती ताकदीची नाही. पोटुशीला द्यायची नाही ती. तुम्ही लाल झालात ते त्या गोळीनं. कढीनं नाही. आधी डॉक्टरांना विचारा."

"तू कोन डॉक्टरचा मेव्हना?" जाधव पुढे आले. "मालकाच्या गोळीला नावं ठेवतो? चल, नीघ. आत्ता नीघ."

त्यांनी माझा दंड धरला. मी अण्णांकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

"परभाकर," अण्णा म्हणाले. "मी तुला काय सांगितलं व्हतं?"

"सांभाळून घे म्हणालात."

"मंग?"

"अण्णा, ती दोन जिवांची आहे."

अण्णा उठले. मला वाटलं, कानाखाली बसणार. पैलवानाची कानाखाली, म्हणजे वेंगुर्ल्यालाच जाऊन पडलो असतो. ते किसनरावांपुढे जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला.

"आन ती पट्टी हिकडं. माझी हाये ती. कोलेस्ट्रॉलची." मग जाधवांना म्हणाले, "अन् सोड त्याचा हात."

जाधवांनी माझा दंड सोडला, पण आता आपला हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"तुम्हाला?" किसनराव म्हणाले. "कोलेस्ट्रॉल?"

"हां. छातीत दुखलं व्हतं. घ्या आता. सांगा गावभर."

आधी तात्या हसले. सर्दीमुळे त्यांचं हसणं नाकातून शिंकेसारखं आलं. हसता हसता त्यांनी कमरेची चंची सोडली. चंची म्हणजे पान-तंबाखूची कापडी पिशवी. त्यातून चुना, कात, अडकित्ता निघाला आणि शेवटी कागदाची पुडी. पुडीत पांढऱ्या गोळ्या.

"बीपी," तात्या म्हणाले. "घरच्या भाईर कोनाला म्हाईत न्हाई. तंबाखूसंगं ठिवतो, म्हंजे कोनी हात लावत न्हाई."

किसनरावांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. "मला शुगर हाये," ते म्हणाले, एखादं जुनं लग्न कबूल करावं तसं.

थोरल्या भावाने इकडेतिकडे पाहिलं. "मला बी कोलेस्ट्रॉलच. पन गोळी न्हाई. पावडर दिली डॉक्टरनं. पान्यात कालवून प्या म्हनले. वाळूवानी लागती घशाला. म्हनून म्या ती शेंगदान्याच्या चटनीवानी भाकरीवर टाकून खातो."

"कोरडी?"

"तेल घेतो वरून."

धाकटा भाऊ राहिला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मला काहीच न्हाई," तो म्हणाला आणि ओशाळला. त्या टेबलावर त्याला पहिल्यांदाच आपण लहान असल्यासारखं वाटलं असावं.

डॉक्टर हात पुसत आत आले. ते बाहेर गेले तेव्हा टेबलाशी चार पेशंट होते. आता टेबलावर औषधाचं दुकान मांडलेलं होतं, आणि मधोमध ठेच्याची वाटी. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बोला. कोण काय कशाबरोबर खातं?"

मी आयुष्यात बरीच पंचपक्वान्नं वाढली, पण अशी पंगत पाहिली नाही. किसनरावांना ते आधी रागावले. निॲसिनने शुगर वाढू शकते. तुम्ही तर ती आणखी घरी घेऊन निघाला होतात, तीही पोटुशी सुनेला, जिला ती मुळीच द्यायची नाही. शुगर आज तपासून घ्या. पावडरवाल्या भावाला सांगितलं, कोरडी खाऊ नका, घशात अडकेल. पाण्यात किंवा पातळ ताकात नीट कालवून घ्या. आणि ती पावडर पोटात झाडूसारखी फिरते. चरबी ओढते तसं दुसरं औषधही ओढून नेते. म्हणून दुसऱ्या गोळ्या तिच्या बरोबर नाही, बऱ्याच आधी घ्यायच्या.

"अन् मी सगळ्या एकदमच घेतो, भाकरीत गुंडाळून," तो भाऊ म्हणाला. "म्हनून थायरॉइडची काही लागू पडंना का?"

"म्हणूनच."

तात्यांना विचारलं, तंबाखू सोडणार का? तात्या म्हणाले, गोळी सोडतो. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी जाधवांचं ऐकू नका, मला फोन करा. बीपी वाढलं की कान असेच लाल होतात असं समजून बसू नका, बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

लाली पूर्ण उतरली होती. चौघांनी सदरे घातले. हंगामाचं बोलणं झालं. प्लॉट मिळाले. किंबहुना किसनराव जाताना अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "दगड पचत व्हता तवा भीती वाटायची तुमची. आता आपलेच वाटून राह्यले." जीप गेली.

अण्णा माझ्याशी चार-पाच दिवस बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं की जेवायचे, ताट उचललं की उठायचे. मी रोज पिशवी भरून ठेवायचो आणि रोज कपड्यांसाठी परत सोडायचो. मग एका दुपारी त्यांनी हाक मारली. मी गेलो. त्यांच्यापुढे ताट होतं आणि हातात गोळी.

"ही आता घ्यायची का जेवन झाल्यावर?"

"जेवताना. गार पाण्यानं."

"अन् ठेचा?"

"आज नको."

"मंग कशाला ठिवला ताटात?" एवढं म्हणून त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. माझी नोकरी राहिली, हे मला असं कळलं.

पुढे नव्या गोळ्या आल्या. स्टॅटिन म्हणतात त्यांना, आता घरोघरी असतात. डॉक्टरांनी अण्णांची गोळी बदलली आणि सांगितलं, चहाचं भय आता नाही, पण ह्या गोळीवर पपनस, म्हणजे मोसंबीच्या जातीचं ते मोठं फळ, खायचं नाही. परदेशात ग्रेपफ्रूट म्हणून त्याचंच भावंड असतं, तेही नाही. ही फळं पोटात गेली की शरीराला ही गोळी नेहमीसारखी मोडता येत नाही. रक्तात ती साठते आणि अंग, मांड्या, पोटऱ्या दुखायला लागतात. स्टॅटिनमध्येही प्रकार आहेत, सगळ्यांना हे लागू नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावं. अण्णांचा जीव टांगणीला लागला होता, कारण त्यांच्या मळ्यात मोसंबीची बाग होती. मोसंबी चालते हे डॉक्टरांकडून त्यांनी तीनदा वदवून घेतलं. पपनसाचं पथ्य मात्र त्यांनी शेवटपर्यंत कडक पाळलं. जालन्यात पपनस मिळतच नव्हतं.

सोलकढीचं म्हणाल, तर ती निर्दोष सुटली. डॉक्टरांनी चौघांसमोर सांगितलं, अण्णांनी कबूल केलं, जाधवांनीही एकदा नाइलाजाने "बराबर" म्हटलं. पण गेस्ट हाऊसच्या पंगतीत ती परत आली नाही. मी एकदा विचारलं, तर अण्णा म्हणाले, "तिची काही चूक न्हाई रे. पन पाव्हण्यायनं नुसती पाह्यली तरी त्यायला खाज सुटती." मी ती माझ्या खोलीत, माझ्यापुरती करत राहिलो.

आता माझं स्वतःचं केटरिंग आहे. लग्नाची ऑर्डर असो की कुणाच्या घरचं रोजचं जेवण, मीठ किती आणि तिखट किती हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, घरात गोळ्या कोणाला कुठल्या चालू आहेत. लोकांना ते आवडत नाही. तुम्हाला काय करायचंय, म्हणतात. एका गृहस्थांनी तर मला हाकलून दिलं आणि दुसरा आचारी आणला. त्यांच्या गोळ्या कुठल्या होत्या, मला अजून माहीत नाही. त्या आचाऱ्यालाही नसणार.